डोळ्यांदेखतची पाटी

"'हॉटेल अंगण'. ण आला, उस्ताद. 'ण'चा 'न' करून घ्या," मी म्हटलं.

बाबालाल उस्तादांनी क्षणभरही वेळ लावला नाही. "'नवजीवन प्रसूतिगृह'. ह. सांग आता."

औशाच्या अलीकडची, सकाळी दहाच्या सुमाराची ही गोष्ट. गाडी उस्तादांच्या हातात होती आणि मी शेजारच्या सीटवर मांडी घालून बसलो होतो. मागं तासगावचा बेदाणा भरलेला, तो नागपूरला उतरवायचा होता. मी हसायला लागलो, कारण ते नवजीवन प्रसूतिगृह आता राहिलंच नव्हतं. रस्ता चौपदरी करायचं काम निघालं होतं, त्यात त्या इमारतीची पुढची बाजू पाटीसकट पाडली होती. मागच्या खेपेला ती उभी होती. आता तिथं विटांचा ढीग होता आणि ढिगावर एक कुत्रं बसलं होतं.

"काय उस्ताद, आम्हालाच बनवता? आठवणीतली पाटी चालत नाही, नियम तुमचाच आहे," मी म्हटलं. ते हसले, पण जरा उशिरानं हसले.

हा पाट्यांच्या भेंड्यांचा खेळ उस्तादांनीच काढलेला. मी समडोळीचा नेमिनाथ चौगुले. गाडीवर सेकंड ड्रायव्हर म्हणून उस्तादांच्या हाताखाली आलो, त्या पहिल्याच खेपेला त्यांनी मला बजावलं होतं की झोपेला भ्यायचं नाही, कंटाळ्याला भ्यायचं. झोप येताना कळते, डोळे जड होतात. कंटाळा कळत नाही, डोळे टक्क उघडे असतात आणि माणूस जाग्यावर नसतो. म्हणून रस्त्याकडेची पाटी वाचायची, तिच्या शेवटच्या अक्षरावरनं दुसऱ्यानं पुढची पाटी शोधायची. दुकानाची चालेल, गावाची चालेल, समोरच्या ट्रकच्या पाठीवरची चालेल. एकच अट, पाटी डोळ्यांदेखतची पाहिजे. हरेल त्यानं समोरची काच पुसायची. नऊ वर्षांत ती काच बहुतेक मीच पुसली. एकदा लिंबाच्या झाडाआड लपलेली कसलीशी पाटी मी सांगितली, तर ती खरी आहे का बघायला ह्या माणसानं दहा चाकी गाडी मागं घेतली होती. असा कडक माणूस.

मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "'हनुमान टायर वर्क्स'."

तिथं अशी पाटी नव्हती. दोन्ही बाजूंना नुसतं सोयाबीनचं रान होतं.

उस्ताद म्हणाले, "'क्स'चा 'स' घ्यायचा ना?"

मग मला एकेक आठवायला लागलं. हल्ली कोंबडी बघते तशी मान तिरकी करून बघायची त्यांना सवय लागली होती. ढाब्यावर हिशेबाचा कागद ते मला वाचायला द्यायचे. रात्रीची गाडी सहा महिने मीच चालवत होतो, का तर म्हणे त्यांच्या कमरेत भरतं. लातूरच्या अलीकडं एका ढाब्यावर मी लघवीचं निमित्त सांगून गाडी थांबवायला लावली आणि उतरताना किल्ली काढून खिशात घातली.

बाजेवर बसल्यावर मी विचारलं, "कधीपासनं?"

त्यांनी नाटक केलं नाही. आठ महिने झाले, म्हणाले. साखरेनं डोळ्याचा पडदा खाल्ला, असं मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. कडेचं सगळं दिसतं. रस्त्याची पांढरी पट्टी दिसते, झाडं दिसतात, समोर ट्रक असला तर त्याच्या बाजू दिसतात. जिथं नजर लावावी तिथं मात्र बरोबर मधोमध धूर. हा रस्ता बावीस वर्षं पायाखालचा, म्हणून पाट्या पाठ होत्या, वळणं पाठ होती. आणि आता हे रस्ताच खणून काढायला लागले.

मला राग आला होता आणि रडूही येत होतं. ह्या माणसानं मला गाडी शिकवली. माझ्या घरी दिवस मावळायच्या आत जेवायची रीत, तर नऊ वर्षांत एकदाही उस्तादांनी माझं ते जेवण चुकवलं नाही. सूर्य कलला की स्वतःच म्हणायचे, नेमा, तुझ्या देवाची वेळ झाली, आणि घाईची खेप असली तरी गाडी बाजूला घ्यायचे. त्यांना मी फाडफाड बोललो. रस्त्यावर पोरंबाळं असतात, शाळा असतात, तुम्ही माणूस माराल एखाद्या दिवशी, असं सगळं बोललो. ते ऐकून घेत राहिले.

मग म्हणाले, "घरी जाऊन काय करू ते सांग."

त्यांची बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा पुण्याला. बेडगला घर होतं, दोन खोल्यांचं, कौलारू. पाय मोडला होता तेव्हा दोन महिने ते तिथं बसले होते आणि त्या दोन महिन्यांची त्यांना अशी धडकी भरली होती की तसली मी कुणाला मरणाचीही भरलेली बघितली नाही. पडल्या पडल्या घरावरची कौलं मोजली, सातशे बारा भरली. दुसऱ्या दिवशी परत मोजली. दूधवाला दारात आला की त्याच्याशी उगाच भांडायला लागायचे, तेवढीच दोन वाक्यं बोलायला मिळतात म्हणून. "तेव्हा डोळे होते," ते म्हणाले. "आता कौलंही दिसणार न्हाईत. रस्त्यावर कंटाळा मारायला माझ्याकडं शंभर युक्त्या हाईत गड्या. घरात एक न्हाई."

शेवटी ठरलं ते असं. ही एक खेप पुरी करायची. गाडी सगळी मी चालवायची. परत आल्यावर मालकाला उस्तादांनी स्वतःच्या तोंडानं सांगायचं, तोवर मी कुणाजवळ ब्र काढायचा नाही. मी कबूल झालो. त्यांनी माझा हात धरून दोनदा दाबला.

त्या दिवशी नांदेडच्या बाहेर मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी गाडी काढली. उस्ताद डाव्या सीटवर हात मांडीत घेऊन बसले होते. मी दोन-तीनदा पाटी वाचून खेळ काढला, पण ते 'हं' म्हणायचे आणि गप्प व्हायचे. उमरखेड गेलं, महागाव गेलं, आर्णी गेलं. अकरा वाजता यवतमाळ मागं पडलं. सहा तास मी एकटा चालवत होतो आणि शेजारी एक माणूस बसल्या जागी विझत चालला होता. खरं सांगायचं तर मलाही त्याचा कंटाळा आला होता. एखाद्या आजाऱ्याजवळ बसून येतो तसला, स्वतःचीच लाज वाटायला लावणारा कंटाळा.

कळंब ओलांडल्यावर रस्ता सरळ लागतो. तिथं ते म्हणाले, "नेमा, एवढा पट्टा दे. परत मागणार न्हाई."

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. एवढंच करायला पाहिजे होतं मी, तोंडानं एक शब्द काढायचा होता. पण त्यांचा आवाज असा होता, आणि माझी पाठ मोडून आली होती, आणि रस्ता रिकामा होता. मी गाडी बाजूला घेतली. म्हटलं, हात तुमचे आणि डोळे माझे. मी सांगेन तसं चालवायचं, चाळिसाच्या वर काटा न्यायचा नाही.

स्टिअरिंगला हात लागला आणि म्हातारा उठून बसला की हो. गिअर टाकताना त्यांनी एक जुनी शिवी हासडली, ती मला दिली होती का गाडीला ते कळलं नाही. मी सांगत होतो, समोरनं एसटी, पुढं मोरी, डाव्या हाताला सायकलवाला. ते बरोबर घेत होते. दहा मिनिटांत मला वाटायला लागलं की उगाच घाबरलो आपण. मग त्यांनीच खेळ काढला. दोघांच्या पाट्या मीच शोधायच्या असं ठरलं. माझी पाळी आली की माझी, त्यांची आली की त्यांची. पण त्यांच्या पाळीला लबाडी केलीस तर कान उपटेन, असं म्हणाले. नागपूर जवळ आलं की ह्याला इंग्रजी पाट्या वाचायला लागतात आणि मग हा हरतो, अशी माझी थट्टाही केली. मी हसत होतो. काल बाजेवर बसलेला माणूस तो हाच, हे मी विसरूनच गेलो.

मी 'अमृत रसवंती, मोठी पार्किंग, गावरान मका व पाणी ताठ' असलं काहीतरी वाचलं. पाणी 'ताठ' कसं, 'थंड' पाहिजे होतं, रंगाऱ्यानं भलतंच लिहून ठेवलं होतं. त्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो. शेवटी 'ठ' आला आणि पाळी त्यांची होती.

'ठ'ची पाटी सापडणं सोपं नाही. मला ती त्यांना मिळवून द्यायची होती. त्यांचा शेवटचा डाव होता आणि तो त्यांनी जिंकावा असं माझ्या मनानं घेतलं. मी डावीकडं बघत राहिलो. खताचं दुकान, बँकेची भिंत, देवीचा फ्लेक्स. एका बाभळीआड निळी पाटी दिसली, पहिलं अक्षर 'ठ'सारखं वाटलं. ती मागं पडत होती. मी खिडकीतनं डोकं बाहेर काढलं, वळून नीट बघितलं आणि ओरडलो, "'ठिबक सिंचन', उस्ताद. जिंकलात तुम्ही."

तेव्हाच आवाज आला. मोठा नव्हता.

उस्तादांनी ब्रेक दाबला. गाडी थांबली. ते समोर बघत होते, मान तिरकी करून, आणि मला विचारत होते, "काय होतं? नेमा, काय होतं ते?"

पुढं एका बाजूचा रस्ता खणला होता. गाड्या दुसऱ्या बाजूला वळवायच्या म्हणून एक बाई लाल झेंडा घेऊन मधोमध उभी केली होती. बाकीची माणसं लांब झाडाखाली जेवायला बसली होती, हिची पाळी नंतरची. ती अगदी रस्त्याच्या मध्यावर होती. कडेला असती तर उस्तादांना दिसली असती. मी खाली उतरलो आणि तिच्याजवळ गेलो, पण करण्यासारखं काही उरलं नव्हतं. झेंडा तिच्या हातातच होता.

लोकांनी आम्हाला मारलं नाही. तिचा नवराही त्याच कामावर होता, तो तिच्याजवळ बसून राहिला, आमच्याकडं त्यानं बघितलंही नाही. पोलिसांच्या गाडीतनं आम्हाला ठाण्यात नेलं. उस्तादांच्या तोंडातनं शब्द फुटत नव्हता, हात कापत होते, म्हणून हवालदारानं आधी माझा जबाब लिहून घेतला. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. मग कागद माझ्याकडं देऊन म्हणाला, बाहेर बाकावर त्यांना वाचून दाखव, तसंच झालं असेल तर त्यांचंही घेतो. आणि तो फोन घ्यायला आत गेला.

मी बाकावर उस्तादांच्या शेजारी बसलो.

"वाच," ते म्हणाले. "एक अक्षर गाळू नकोस."

मी वाचलं. गाडी बाबालाल मुजावर चालवत होते. त्यांची नजर अधू झाली आहे हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही ठाऊक होतं. तरी मी गाडी त्यांच्या हातात दिली. बाई झेंडा घेऊन आपल्या जागी उभी होती. त्या वेळी मी रस्त्याकडं बघत नव्हतो. बाईची काही चूक नाही.

उस्तादांनी मोठा श्वास सोडला. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला. म्हणाले, "तुझ्या आईनं चांगलं वाढवलंय तुला. मला वाटलं होतं, तू मला वाचवायला जाशील." आत गेल्यावर त्यांनी हवालदाराला सांगितलं, "ह्यानं सांगितलंय तसंच झालं, साहेब. शब्दन् शब्द. माझं वेगळं काही न्हाई." मी त्यांचं बोट धरून सहीची जागा दाखवली. त्यांनी सही केली.

जामिनाच्या कागदांसाठी त्यांना आत थांबवून घेतलं आणि मी बाहेर आलो, तर तो नवरा पायरीवर बसलेला. नाव श्रावण. मला बाकावर वाचताना त्यानं लांबून बघितलं होतं. त्याच्या हातात त्याच जबाबाची नक्कल दिली होती, ती त्यानं माझ्यापुढं धरली.

"तुमाले वाचता येते. मले सांगा ना, काय लिवलं हाय?"

मी तो कागद घेतला आणि उस्तादांना वाचून दाखवलं होतं तेच परत वाचलं.

"म्हंजे तिची चूक नोती," तो म्हणाला.

"नव्हती."

"मुकादम म्हने, उभ्या उभ्या डुलकी लागली असन तिले. दिसभर झेंडा धरून कंटाया येते मानसाले." त्यानं कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "पन ते झोपनारी नोती, भाऊ. कंटाया येऊ नये म्हनून ते येनाऱ्या गाड्या मोजे. सांजी घरी आली का सांगे मले, आज इतक्या आल्या. तुमची बी मोजली असन तिनं."

त्यानं मला हात जोडले. खरं बोललात म्हणून, म्हणाला.

कागदावर ह्यातलं काही नव्हतं. कागदावर असं होतं: सदर महिला अचानक पळत रस्त्यावर आडवी आल्याने चालकास गाडी आवरता आली नाही. हे मीच सांगितलं होतं, हवालदारानं आपल्या पदरचं एक अक्षर घातलं नव्हतं. वर्षानुवर्षं मी स्वतःला बजावत आलो की उस्तादांसाठी केलं. ते अर्धंच खरं. खिडकीबाहेर डोकं काढून पाटी बघणारा मी होतो आणि काढून घेतलेली गाडी परत त्यांच्या हातात देणाराही मीच. मला माझी कातडी वाचवायची होती. तिथं दोन माणसं अशी होती की जे मी वाचेन तेच त्यांना खरं वाटणार होतं. त्या दोघांनाही मी खरंच सांगितलं, आणि खोटं तेवढं लिहून दिलं.

झाडाखालच्या कुणी काही बघितलं नव्हतं. चालकाची चूक दिसत नाही म्हणून ते प्रकरण मिटलं. उस्तादांच्या डोळ्यांचं कुणी विचारलं नाही. मालकाला त्यांनी कबूल केल्याप्रमाणं स्वतः सांगितलं आणि गाडी सोडली. पहिल्या नंबरची सीट मला मिळाली.

बेडगच्या त्या घरात ते पावणेदोन वर्षं जगले. मी महिन्यातनं एकदा जायचो. आता नजर पार गेली होती. मला वाटलं होतं घरात बसून ते वेडे होतील, पण तसं झालं नाही. ते वाट बघत होते. दारामागं एक पिशवी भरून ठेवली होती, दोन लुंग्या, टॉवेल, साखरेच्या गोळ्या. दर वेळी विचारायचे, "समन्स न्हाई आलं अजून?" मी म्हणायचो, कोर्टाचं काम, वेळ लागतो. "सही केलीय मी. सोडणार न्हाईत," म्हणायचे, आणि त्यांना त्याचा आधार वाटायचा. एकदा म्हणाले, आत जायच्या आधी त्या बाईच्या नवऱ्याला एकदा भेटून येऊ, तू ने मला. मी हो म्हटलं. परत विचारलं, परत हो म्हटलं. गाडी माझ्याच हातात होती, महिन्याला दोनदा त्याच रस्त्यानं जात होतो. नेलं नाही. ते दोघं समोरासमोर बसले असते तर दोघांनी एकमेकांना एकच सांगितलं असतं, शब्दन् शब्द, आणि मग दोघांनी माझ्याकडं तोंड वळवलं असतं.

ते गेले तेव्हा मी रायपूरला होतो. तिसऱ्या दिवशी पोचलो. मुलगा पुण्याहून आला होता, घर आवरत होता. त्यानं दारामागची पिशवी काढून माझ्यापुढं ठेवली.

"अब्बा रोज फोनवर म्हणायचे, नेमा न्यायला येणार आहे," तो म्हणाला. "कुठं जाणार होता तुम्ही?"

"नागपूरला," मी म्हटलं.